थांबतं कसं, ते आधी विचारा

इंदापूर तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या मोटारी, बोअरचे पंप, स्टार्टर, गिरण्या हे रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात माशांना खाद्य टाकणाऱ्या मशीनची भर पडली. वर प्लास्टिकची किंवा पत्र्याची टाकी, टाकीच्या तोंडाशी मोटार, तिच्यावर फिरणारी चकती, बाजूला टायमरचा डबा, सोबत बॅटरी आणि सौर पॅनेल. विकणारा शहरात बसलेला असतो, म्हणून बिघडलं की मशीन टेम्पोत घालून माझ्याकडे येतं.

घेण्याआधी विचारायला येणारेही आता वाढलेत. त्यांचे प्रश्न ठरलेले. "मिस्त्री, किती किलो बसतंय?" आणि "किती लांब फेकतंय?" थांबतं कसं, हे कुणी विचारत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनमधला निम्मा घोळ मात्र तिथंच असतो.

आधी तळ्याचं बोलू. आमच्याकडे तळं म्हणजे शेततळं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली, त्याच्या आधीपासून डाळिंबवाल्यांची सामूहिक तळी होतीच. उन्हाळ्यासाठी पाणी साठवायचं, आणि पाणी आहेच तर चार मासे सोडायचे, असं ते सुरू झालं. बहुतेक तळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. कागदामुळं पाणी मुरत नाही, पण पाण्याचा मातीशी संबंधही तुटतो. मातीच्या तळात किडे, अळ्या, कुजका पाला असं जे माशाला फुकट मिळतं, ते कागदाच्या तळ्यात जवळजवळ नसतं. मृगळ तळाशी चरणारा मासा, तो अशा तळ्यात उपाशीच. त्यामुळं इथं वरून खाद्य द्यावंच लागतं, आणि माशाच्या धंद्यातला निम्म्याहून जास्त खर्च या खाद्यावरच होतो.

गावतलाव, पाझर तलाव किंवा भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलाव यांचं गणित वेगळं. तिथं बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडतात, मासा पाण्यातलं खाऊन वाढतो आणि हंगामात जाळी लागतात. एवढ्या पाण्यात बांधावर मशीन उभं केलं तर तेवढ्या कोपऱ्यातले मासे जाड होतील, बाकी तलावाला पत्ताही लागणार नाही. तलावात जाळीचे पिंजरे लावून त्यात मासे दाट वाढवत असाल, तरच मशीनचा विचार करावा. सोसायटीच्या कारंज्यातल्या रंगीत माशांना चमचाभर दाणा टाकणारी घड्याळवाली डबी पुरते, तिच्यासाठी माझ्यासारख्याकडे यायची गरज नाही.

आता हिशेब. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे वरून ९०० चौरस मीटर पाणी. चौरस मीटरला एक या मापानं ९०० बोटुकली सोडली, त्यातली ७०० जगली आणि ४०० ग्रॅमची झाली, तर तळ्यात २८० किलो मासा झाला. या वयाच्या रोहू-कटल्याला वजनाच्या साधारण दोन टक्के खाद्य रोज लागतं. म्हणजे साडेपाच किलो. एवढं तर सकाळ-संध्याकाळ बादलीतून टाकून होतं. अशा तळ्याला मशीन लावू नका, हे मी विकत घ्यायला निघालेल्या माणसालाही सांगतो आणि त्याला त्याचा रागही येतो.

त्याला मी गोणीची पद्धत सांगतो. आंध्रात, कोल्लेरू सरोवराच्या आसपासच्या जिल्ह्यांत, हजारो एकर तळ्यांत रोहू-कटला वाढतो तो अशा गोणींवर. प्लास्टिकची रिकामी गोणी घ्यायची, तिच्या खालच्या भागात भोकांच्या दोन-तीन ओळी पाडायच्या, आत भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड भरायची आणि पाण्यात रोवलेल्या बांबूला ती अर्धी बुडेल अशी बांधायची. मासा येतो, भोकाला तोंड लावतो आणि ओढून खातो. पोट भरलं की निघून जातो. गोणी किती वेळात रिकामी झाली यावरून उद्या किती भरायचं ते कळतं. मोटार नाही, टायमर नाही, आणि मासा थांबला की खाद्यही थांबतं. कागदाच्या तळ्यात बांबू रोवता येत नाही, तिथं दोन बांधांमध्ये दोरी ताणून गोण्या लटकवायच्या. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी दोन तळी अशीच सांभाळतात. त्यांच्याकडून माझ्या धंद्याला आजवर रुपया मिळालेला नाही.

मशीनची खरी गरज पडते ती दाट संगोपनात. एक एकर पाण्यात ४,००० पंगस मासे, प्रत्येकी अर्धा किलोचा झाला की तळ्यात दोन टन मासा. दोन टक्क्यांनी रोज ४० किलो तरंगतं खाद्य. किलोला ४० रुपये धरले तरी दिवसाला १,६०० रुपये पाण्यात टाकायचे. त्यातलं दहा टक्के वाया गेलं तर महिन्याला ४,८०० रुपये गेले. आणि ते नुसते जात नाहीत, जाताना पाणी घाण करून जातात. खाल्लेल्या खाद्यातलाही नत्राचा मोठा भाग माशाच्या अंगी लागत नाही, तो अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. न खाल्लेलं तर सगळंच कुजतं.

अशा तळ्यात मशीनचा फायदा एकच, पण मोठा. ४० किलो दोन वेळेला टाकण्याऐवजी ते चार-पाच वेळेला थोडं थोडं टाकता येतं, आणि प्रत्येक वेळी सलग न ओतता थांबून थांबून. माणसाला ऊन लागतं, घाई असते, तो बादली उपडी करून मोकळा होतो. मशीनला घाई नसते. "मशीन लावलं की तळ्यावर जायला नको" असं सांगून कुणी विकत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. तळ्यावर जावंच लागतं, फक्त हात मोकळे ठेवून जाता येतं.

बाजारात प्रकार बरेच आहेत, आमच्या कामाचे थोडे. घड्याळावर चालणारा पट्टा असतो, त्यावर पसरलेलं खाद्य बारा तासांत हळूहळू पाण्यात पडतं. तो बीज वाढवणाऱ्यांच्या टाक्यांसाठी. लोंबत्या दांडीचा प्रकार असतो. टाकीतून एक दांडी पाण्यात सोडलेली, मासा तिला धडकला की दाणे पडतात. मासे हे फार लवकर शिकतात. कल्पना मला मनापासून आवडते, वीज तर लागतच नाही. पण उन्हाळ्यात आमच्याकडे वारं सुटलं की लाटांनीच दांडी हलत राहते आणि टाकी रिकामी होते. पंगसची झुंड दांडीला नुसत्या धडका मारते. वारा अडलेल्या लहान तळ्यात ते चालेल. मोठ्या कोळंबी तलावांवर हवेच्या झोतानं खाद्य उडवणारे ब्लोअर असतात, त्यांना घरगुती किंवा थ्री फेज लाईट लागते. ओल्या बांधावर २३० व्होल्टची वायर नेणार असाल तर आधी करंट गळला की लाईट तोडणारी आरसीसीबी बसवा, मग मशीनचं बोलू. शेततळ्याला उरतो तो १२ व्होल्टवर फिरणारा चकतीचा फीडर. शेतीची लाईट आमच्याकडे कधी दिवसा तर कधी रात्री, तीही आठ तास, त्यामुळं बॅटरी आणि पॅनेलला इलाज नाही.

आता थांबण्याकडे येतो. या मशीनमध्ये टायमर ठरल्या वेळी रिलेला चालू करतो, रिले मोटारीला करंट देतो, ठरलेले सेकंद झाले की रिले तुटतो आणि मोटार थांबते. स्वस्त मशीनमध्ये रिले मोटारीच्या मानानं लहान असतो. सुरू होताना मोटार चालत्या मोटारीच्या कितीतरी पट करंट ओढते, प्रत्येक वेळी रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते आणि एक दिवस ती टोकं एकमेकांना चिकटतात. मग टायमर कितीही सांगो, चकती फिरतच राहते. ६० किलोची टाकी भरून शेतकरी लग्नाला गेलेला असतो. परत येतो तेव्हा टाकी रिकामी आणि पाण्यावर फुगलेल्या दाण्यांची साय.

दुसरा रोग घड्याळाचा. टायमरमध्ये शर्टाच्या बटणाएवढा सेल असेल तर बॅटरी काढली तरी घड्याळ चालू राहतं. काही मशीनमध्ये तो सेलच नसतो. बॅटरी उतरली किंवा वायर सैल झाली की घड्याळ शून्यावर जातं आणि जोडल्या क्षणापासून पुन्हा मोजायला लागतं. संध्याकाळी सहाला वायर जोडली, तर सकाळी नऊचं खाद्य रात्री तीनला पडणार.

रात्री तीनला पडलं तर बिघडलं कुठं? सगळं तिथंच बिघडतं. पाण्यातली शेवाळं दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात, रात्री तीच तो वापरतात. त्यामुळं पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. खाल्ल्यावर माशाला पचवायला आणखी प्राणवायू लागतो. पहाटेच्या टंचाईत पोटभर जेवण म्हणजे संकटाला आवतण. पंगस वर येऊन हवा घेऊ शकतो, तो तग धरतो. रोहू-कटला सकाळी उताणा दिसतो. म्हणूनच पहिलं खाद्य ऊन चढल्यावर, नऊच्या पुढं, आणि शेवटचं संध्याकाळी पाचच्या आत. सलग ढगाळ वातावरण असेल तर खाद्य निम्म्यावर आणा किंवा बंदच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की माशाची भूक आपोआप घटते, तेव्हाही कमी करा. हे मशीनला कळत नाही. त्यामुळं आजचा दिवस सोड, असं एका बटणात सांगता येतं का, हे दुकानात बघून घ्या. त्यासाठी मेन्यूत सात वेळा शिरावं लागत असेल तर कुणी ते करत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझ्याकडे आलेल्या मशीनला मी दोन गोष्टी बसवून देतो. एक, मोटारीच्या वायरीत १२ व्होल्टचा उजेडाचा सेन्सर, रस्त्यावरचे दिवे आपोआप चालू-बंद करतो तसला, फक्त उलटा जोडलेला. अंधार असेल तर मोटारीला करंटच जात नाही, मग घड्याळानं काहीही वेळ दाखवू दे. दुसरं, मोठा रिले आणि योग्य फ्यूज. खर्च किरकोळ आहे. तिसरी गोष्ट मला बसवावी लागत नाही, ती फुकट आहे: टाकी कितीही मोठी असो, तिच्यात आजचंच खाद्य भरा. मग काहीही चिकटलं, अडकलं, बिघडलं तरी जास्तीत जास्त एका दिवसाचं खाद्य जाईल. हे ऐकल्यावर लोक विचारतात, मग मोठी टाकी घ्यायची कशाला? मीही तेच विचारतो.

मोठ्या टाकीचे आणखीही तोटे आहेत. पावसाळ्यात दाणा दमट हवा ओढतो, फुगतो, एकमेकाला चिकटतो. तेलकट खाद्य तर भिंतीला लेपासारखं बसतं. टाकीच्या तळाचा उतार कमी असेल तर दाण्यांची भोकावर कमान धरते, खाली मोटार रिकामी फिरते आणि वर टाकी भरलेली दिसते. तळाचा उतार ४५ अंशांहून खडा असावा आणि आतली बाजू गुळगुळीत. दमट खाद्याला बुरशी आली तर ते माशाला विषारी ठरतं, ते टाकून द्या. काळ्या टाकीत उन्हाळ्यात खाद्य तापून खवट होतं, पांढरी किंवा फिकी टाकी बरी. झाकणाला रबर हवं, कडी हवी. कावळे आणि साळुंक्या सैल झाकण उचकटतात, उंदीर वायरी कुरतडतात. आणि टाकीचं तोंड छातीच्या उंचीवर असावं. तळ्यावर खाद्य भरायचं काम बऱ्याच घरांत बाई करते. डोक्याच्या वर २५ किलोची गोणी उचलून ओतायला लावणारं मशीन कुणी काढलं असेल, त्याला ती एकदा उचलायला लावली पाहिजे.

बॅटरी-पॅनेलच्या बाबतीत उलटा प्रकार होतो, लोकांना गरजेपेक्षा मोठं विकतात. मगाचा हिशेब घ्या. ४० किलो खाद्य, मशीन सेकंदाला १५० ग्रॅम टाकतं. म्हणजे दिवसभरात मोटार साडेचार मिनिटं फिरली. चार अँपिअरची मोटार असली तरी ०.३ अँपिअर-तास झाले. टायमर ३० मिलिअँपिअर ओढत असेल, तर तो चोवीस तासांत ०.७ ओढतो. मोटारीपेक्षा घड्याळ जास्त खातं! दोन्ही मिळून एक अँपिअर-तास. चांगल्या उन्हात १० वॅटचं पॅनेल याच्या दुप्पट देतं, सात अँपिअर-तासाची बॅटरी ढगाळ दिवसही काढते. मोठ्या पॅनेलवर घालायचे पैसे चांगल्या मोटारीवर आणि लिथियम लोह-फॉस्फेट बॅटरीवर घाला. शिशाची बॅटरी सारखी तळापर्यंत उतरली की एखाद्या उन्हाळ्यातच बसते. बॅटरी मशीनजवळच ठेवा. घरातून बारीक वायरीनं १२ व्होल्ट तळ्यापर्यंत नेले तर वाटेतच दाब पडतो, चकती मंद फिरते आणि दाणा लांब न जाता बांधाशी ढीग होतो.

मशीन घरी आणल्यावर पहिलं काम तळ्यावर नाही, अंगणात. चकतीला पोतं गुंडाळा, खाली घमेलं ठेवा, दहा सेकंद चालवा आणि पडलेलं खाद्य वजनकाट्यावर तोला. तीनदा करा. तिन्ही वेळा वजन जवळपास सारखं आलं पाहिजे. दोन मिलिमीटरच्या दाण्याचं माप चार मिलिमीटरला लागू होत नाही, खाद्याची जात बदलली की पुन्हा तोला. आणि महिन्यातून एकदा पाग टाकून थोडे मासे काढा, त्यांचं वजन करा. टायमरचे सेकंद त्या वजनावरून ठरतात. ज्याच्याकडे वजनकाटा नाही, त्यानं मशीनच्या आधी तो घ्यावा.

बसवायची जागा वाऱ्यावर ठरते. पावसाळ्यात आमच्याकडे वारं पश्चिमेकडून येतं, म्हणून मशीन पश्चिमेच्या बांधावर, म्हणजे तरंगता दाणा आत जातो. समोरच्या बांधावरून टाकलेला दाणा उलट येऊन कागदाच्या कडेला वाळतो. बांधावर ठेवणार असाल तर एकाच दिशेला फेकणारं मशीन घ्या. चारी बाजूंना फेकणारं मशीन तळ्याच्या मधोमध, तराफ्यावर. स्टँडचे पाय कागद पुरलेल्या चराच्या बाहेर रोवा. आणि कागदाच्या उतारावर उभं राहून मशीन पुसणं, चकती साफ करणं असले उद्योग करू नका. ओला कागद शेवाळानं निसरडा होतो, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कुंपण घाला आणि गाठी मारलेला दोर कायम पाण्यात सोडून ठेवा.

भूक ओळखणारी मशीनही निघाली आहेत. कोळंबी खाताना कटकट असा आवाज करते, पाण्यात मायक्रोफोन सोडून तो आवाज ऐकायचा आणि तो थांबला की खाद्य थांबवायचं, हे तंत्र कोळंबीच्या मोठ्या तलावांवर वापरात आहे. मला ते पटतं, कारण त्यात थांबायचं कसं याचाच विचार आहे. इंडोनेशियात बांडुंगला २०१३ साली सुरू झालेली ईफिशरी ही कंपनी पाण्यातल्या हालचालीवरून भूक ओळखणाऱ्या फीडरमुळं गाजली, २०२३ मध्ये तिची किंमत अब्ज डॉलरच्या पुढं धरली गेली. २०२४च्या अखेरीस हिशेबांची चौकशी लागली आणि संस्थापकाला पदावरून दूर केलं. कंपनी चार लाखांवर फीडर सांगत होती, चौकशीच्या मसुद्यात आकडा २४ हजारांच्या आसपास निघाला, अशा बातम्या आल्या. भूक ओळखायचं तंत्र त्यामुळं खोटं ठरत नाही. पण "इतक्या लोकांनी घेतलंय" या वाक्यावर मशीन घेऊ नये, एवढं नक्की.

आमच्या आवाक्यातला सेन्सर म्हणजे पाण्यावर तरंगणारी पीव्हीसी पाइपची चौकट. खाद्य तिच्यात पडू द्या. पंधरा-वीस मिनिटांनी आत दाणे उरले असतील तर उद्या सेकंद कमी करा. पाच मिनिटांत साफ झालं तर थोडे वाढवा. बुडणारं खाद्य देत असाल तर कोळंबीवाल्यांची युक्ती घ्या. जाळीचं ताट दोरीनं तळाशी सोडायचं आणि दोन तासांनी वर ओढून उरलेलं बघायचं.

शेवटी माझ्या स्वार्थाचं. घेताना मोटारीचा व्होल्ट, अँपिअर, बेअरिंगचा नंबर आणि रिलेवर छापलेला आकडा वहीत लिहून घ्या, मशीनचा डबा उघडून फोटो काढून ठेवा. काही जण सगळं सर्किट रेझिनमध्ये बुडवून पाठवतात, ते पाण्यापासून वाचतं पण बिघडलं की पूर्ण टाकावंच लागतं. स्क्रूनं उघडणारा, रबर लावलेला डबा मी कधीही पसंत करेन. गाडीच्या वायपरसारखी गिअरची मोटार असेल तर उत्तम, तिचे सुटे भाग तालुक्याला मिळतात. जुनं घ्यायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा, तळी आटायला लागली की बरीच विकायला निघतात. फक्त रिकाम्या टाकीवर मोटार फिरवून दाखवली म्हणून पैसे देऊ नका. टाकी भरायला लावा, चालू करा आणि ठरलेल्या सेकंदाला आपोआप थांबते का ते लागोपाठ वीस वेळा बघा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.